धर्माची शिकवण आणि धर्मांची ओळख

(तरुणांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी संयोजकांना म्हटलं, मी आलिम नाही आणि शिक्षणतज्ज्ञही नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली चौदा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. ते म्हणाले, "तू बाप आहेस ना? मग बोल." तर आज एक बाप म्हणून बोलतो. विषय आहे, प्राथमिक शाळेत धर्माविषयी काय शिकवावं, शिकवावं का, आणि शिकवायचं तर कुणी ठरवावं.

सुरुवात एका पत्रापासून करतो. ते पत्र मी लिहिलं, पण दिलं नाही. अजून माझ्या कपाटात आहे.

कंपनीनं मला एका प्रोजेक्टसाठी इंग्लंडला पाठवलं होतं. बर्मिंगहॅम शहरात आम्ही चार वर्षं राहिलो. मुलगी तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत होती. सात वर्षांची. एक दिवस तिच्या दप्तरात शाळेची चिठ्ठी आली: पुढच्या महिन्यात रिलिजस एज्युकेशनच्या तासासाठी वर्गाला हिंदू मंदिरात न्यायचं आहे, पालकांनी सही करावी.

आता बघा, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावातला. घरी दखनी, शाळेत मराठी. लहानपणी गणपतीच्या आरतीला मित्रांच्या घरी उभा राहिलेला, प्रसादाचे मोदक खाल्लेला पोरगा. मला मंदिराची काय भीती? पण परदेशात गेल्यावर माणूस जरा जास्तच कडक होतो. आपलं काहीतरी निसटतंय असं सारखं वाटत राहतं. संध्याकाळी मुलीला मकतबमधून आणायला गेलो, तर दारात उभे असलेले दोघे-तिघे बाप त्याच चिठ्ठीबद्दल बोलत होते. एकानं सांगितलं, "सही करू नका. इथं कायद्यानं आपल्याला हक्क आहे, मुलाला या तासातून काढून घेता येतं. कारणही द्यावं लागत नाही."

ते खरं होतं. त्या रात्री मी चार ओळींचं पत्र लिहिलं. माझ्या मुलीला या विषयातून वगळावं.

सकाळी पत्र खिशात घेऊन शाळेत गेलो. वर्गाच्या बाई दारात भेटल्या. मी चाचरत विषय काढला. मला वाटलं होतं त्या वाद घालतील. त्या म्हणाल्या, "तुमचा हक्क आहे. पण एक विनंती करू का? पत्र देण्याआधी एक तास येऊन बघा."

म्हणून पुढच्या आठवड्यात मी ऑफिसमधून अर्धा दिवस रजा घेतली आणि वर्गाच्या मागच्या बाजूला एका बुटक्या खुर्चीवर जाऊन बसलो.

बर्मिंगहॅमचा अभ्यासक्रम थोडा वेगळा आहे. २००७ साली त्यांनी तो चोवीस गुणांभोवती बांधला. कृतज्ञ असणं, वाटून देणं, न्यायानं वागणं, असे गुण. एक गुण घ्यायचा आणि वेगवेगळे धर्म त्याबद्दल काय सांगतात ते बघायचं. त्या दिवशी विषय होता वाटून देणं. टेबलावर तीन वस्तू होत्या: एक रोटी, एक दानपेटी आणि डबाबंद वाटाण्याचा डबा. रोटीवरून बाईंनी गुरुद्वारातला लंगर सांगितला. दानपेटीवरून जकात. आणि वाटाण्याच्या डब्यावरून सुगीच्या वेळचा चर्चमधला सण, तेव्हा लोक गरजूंसाठी असे डबे आणून ठेवतात. मग विचारलं, अजून कुणाच्या घरी वाटून देतात? एक मुलगी म्हणाली, आम्ही चर्चला जात नाही, कुठंच जात नाही, पण माझी नानी फूड बँकेत काम करते. बाईंनी तेही फळ्यावर लिहिलं, त्याच यादीत.

बोलताना बाई एक गोष्ट सारखी करत होत्या. "मुसलमान असं करतात" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. "बरेच मुसलमान", "काही ख्रिस्ती", "अनेक शीख". रमजानचा उल्लेख आला तेव्हा एका मुलानं हात वर केला. नावावरून आपलाच. तो म्हणाला, "मिस, माझे डॅड रोजे ठेवत नाहीत."

मी खुर्चीवर अवघडलो. आपल्याकडं एखाद्या पोरानं भर वर्गात असं सांगितलं असतं तर? कुणी हसलं असतं, कुणी त्याच्या बापाला नावं ठेवली असती, मौलवींपर्यंत बातमी गेली असती. बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच आपण बरेच म्हणतो, सगळे म्हणत नाही." आणि पुढं गेल्या. मुलगाही खाली बसला. त्याचा बाप वाईट ठरला नाही, आणि रोजा ठेवणारे वेडेही ठरले नाहीत.

मी पत्र खिशातच ठेवलं. मुलगी मंदिरात गेली. जाण्याआधी वर्गात सांगितलं होतं की आपण पाहुणे म्हणून जातोय, पूजा करायला नाही. कुणी हात जोडायची गरज नाही, प्रसाद घ्यायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. संध्याकाळी मी विचारलं, काय बघितलंस? म्हणाली, "अब्बू, तिथंपण बूट बाहेर काढतात. आणि तिथल्या आजी मराठी बोलत होत्या." एवढंच. तिच्या ईमानला काही झालं नाही. उलट मकतबमध्ये तिनं आपाला पहिल्यांदा विचारलं की आपण बूट का काढतो. तोपर्यंत ती फक्त काढत होती.

पुढच्या सत्रात बाईंनी मलाच बोलावलं. रमजानबद्दल वर्गाला सांगा म्हणाल्या. मी इंजिनिअर माणूस, अठ्ठावीस स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं. पाच अर्कान, नकाशे, हिजरी कॅलेंडरचं गणित. बाईंनी ते बघितलं, हसल्या आणि तीनच गोष्टी सांगितल्या. इस्लाम असं सांगतो, असं म्हणू नका, 'माझ्या घरी आम्ही' असं म्हणा. घरातली एक वस्तू आणा. आणि मुलांना करून बघायला सांगू नका, विचारायला सांगा.

मी अम्मीनं दिलेली जानमाज आणि खजुराचा डबा घेऊन गेलो. पहिले प्रश्न सोपे होते. भूक लागते का? पाणीपण नाही? चुकून खाल्लं तर? मग एका मुलानं विचारलं, "मी देव मानत नाही. तुमच्या देवाला मी आवडतो का?"

तीस पोरं माझ्याकडं बघत होती. त्यात माझी मुलगीही. याची स्लाइड माझ्याकडं नव्हती. माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी धर्माबद्दल जे काही बोललो ते सगळं आपल्यातच बोललो. समोर वेगळा माणूस, तोही सात वर्षांचा, खरंच विचारतोय, असं कधी झालंच नव्हतं. मी म्हणालो, "त्याच्या वतीनं मी बोलू शकत नाही. पण माझ्या आईनं मला शिकवलंय की शेजारी उपाशी असेल तर आपण पोट भरून झोपायचं नाही. आणि शेजाऱ्याचा धर्म कोणता, हे तिनं कधी विचारायला सांगितलं नाही." त्यानं मान डोलावली आणि खजूर घेतला.

आता ही पद्धत आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. कारण ही त्या एका बाईंची हुशारी नव्हती.

१९४४ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये सरकारी शाळांत धर्मशिक्षण सक्तीचं केलं. तेव्हा ते ख्रिस्ती धर्माचंच शिक्षण होतं, आणि मुलाला त्यातून काढून घ्यायचा पालकांचा हक्कही त्या कायद्यात होता. पुढं आपल्या उपखंडातून आणि कॅरिबियन बेटांवरून लोक तिथं कामाला गेले, गिरण्या-कारखान्यांत राबले, त्यांची मुलं वर्गात आली. मग प्रश्न उभा राहिला: या मुलांना काय सांगायचं? १९७५ साली याच बर्मिंगहॅमनं एक अभ्यासक्रम काढला. त्यात ख्रिस्ती धर्माबरोबर इतर धर्म होते आणि कम्युनिझमसारख्या धर्म नसलेल्या विचारांनाही जागा होती. त्यावरून मोठा वाद झाला. पण दिशा ठरली. १९८८ च्या कायद्यानं देशभर सांगितलं की अभ्यासक्रमात ख्रिस्ती परंपरा मुख्य असेल, पण देशातल्या इतर प्रमुख धर्मांचीही दखल घ्यावी लागेल.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. हा विषय तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाही. लंडनमधलं सरकार त्याचं पुस्तक लिहीत नाही. प्रत्येक भागातली स्थानिक परिषद एक बैठक बोलावते. त्यात चार गट बसतात: एक चर्च ऑफ इंग्लंडचा, एक इतर ख्रिस्ती पंथांचा आणि बाकीच्या धर्मांचा, एक शिक्षकांचा आणि एक स्थानिक परिषदेचा. प्रत्येक गटाला एक मत. चारही गटांचं एकमत व्हावं लागतं. म्हणून त्याचं नावच सहमतीचा अभ्यासक्रम. दर पाच वर्षांनी त्याचा फेरविचार करावा लागतो. म्हणजे मशिदीचा माणूस, मंदिराचा माणूस, पाद्री आणि प्राथमिकच्या शिक्षिका एका टेबलाशी बसून ठरवतात की आपल्या गावातल्या पोरांना एकमेकांबद्दल काय सांगायचं.

तिथं सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. रोजच्या सामूहिक प्रार्थनेचा जुना कायदा अजून आहे. एक तृतीयांशाच्या आसपास सरकारी शाळा धार्मिक संस्थांशी जोडलेल्या आहेत, त्यातल्या बऱ्याच शाळा हा विषय आपल्या पद्धतीनं शिकवतात. काही भागांत वर्गच्या वर्ग एकाच समाजाचे असतात, मग ओळख कुणाची कुणाशी करून देणार? आणि मूल काढून घ्यायच्या हक्कावरून वाद आहेच. शेजारच्या वेल्सनं २०२१ च्या कायद्यानं नव्या अभ्यासक्रमात तो हक्क ठेवला नाही. तरीही ते टेबल माझ्या डोक्यातून जात नाही. का, ते सांगतो.

मंदिराच्या सहलीनंतर मी अब्बांना फोन केला. माझे अब्बा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षक होते. एकतीस वर्षं. मी मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उसमें क्या नवल? मैं वोइच तो करता था."

आणि मला आठवलं. अब्बा चौथीच्या वर्गाला परिसर अभ्यासाच्या तासाला गावात फिरवायचे. मी त्याच वर्गात होतो. ग्रामदैवताचं देऊळ, बुद्धविहार, मशीद, पिराची दर्गा. प्रत्येक ठिकाणचा माणूस पाच मिनिटं बोलायचा. पुजारी, विहारातल्या ताई, मुअज्जिन. मग वर्गात परत येऊन आम्ही लिहायचं, काय सारखं दिसलं, काय वेगळं दिसलं. अब्बा ज्ञानेश्वर-तुकारामांबरोबर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची गोष्ट सांगायचे, 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या मुसलमान संताची. आमच्या भागात मोहरमला हिंदू घरांतून पंजांना नैवेद्य येतो. कडेगावचे उंच ताबूत तर तुम्हाला माहीत आहेत, त्यात हिंदू मानकरी असतात. अब्बांना यासाठी कुठलं इंग्रजी पुस्तक वाचावं लागलं नाही.

मी विचारलं, "मग बंद का केलं?" कारण माझ्यानंतरच्या वर्गांना ते नेत नव्हते, हे मला माहीत होतं. अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग कळलं. दोन तक्रारी झाल्या होत्या. एक, मास्तर मुसलमान आहे आणि पोरांना पिराला नेतो. दुसरी आपल्याच मोहल्ल्यातून, मास्तर आपल्या पोरांना देवळात नेतो. वरून कुणी लेखी काही दिलं नाही. तोंडी सांगितलं, "गुरुजी, कशाला भानगड?" अब्बांनी फेरी बंद केली. घरी कुणाला सांगितलं नाही.

बघा, बर्मिंगहॅमच्या बाई आणि माझे अब्बा, दोघं एकच काम करत होते. अब्बा कदाचित जास्त चांगलं करत होते, कारण ते माणसांना ओळखत होते. फरक एवढाच की बाईंकडं एक कागद होता. त्या गावातल्या सगळ्या समाजांनी मिळून मान्य केलेला. माझ्यासारखा घाबरलेला बाप पत्र घेऊन गेला तरी त्या एकट्या नव्हत्या. अब्बांच्या पाठीशी कुणीच नव्हतं. म्हणून दोन तक्रारी पुरल्या. आपल्याकडं चांगले शिक्षक कमी नाहीत. त्यांना एकटं सोडणं ही आपली सवय आहे.

आता कुणी म्हणेल, भारतात हे चालत नाही, संविधानात बंदी आहे. मीही तसंच समजत होतो. कलम २८ वाचा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण दिलं जाणार नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत, पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. हा तुमच्या मुलांचा हक्क आहे, तो माहीत असू द्या.

पण धार्मिक शिक्षण म्हणजे काय? हा प्रश्न घटना समितीतच निघाला होता. ७ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यावर उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सर्वांच्या कराच्या पैशातून एका धर्माची शिकवण देणं योग्य नाही. इतके धर्म असताना ते व्यवहारात जमणारही नाही. आणि इथला प्रत्येक धर्म फक्त आपलाच मार्ग खरा म्हणतो, मग शाळेत ही भांडणं कशाला आणायची? पण त्याच भाषणात त्यांनी फरक केला. एकच ईश्वर माना, पैगंबर अखेरचे माना, असं शिकवणं म्हणजे धार्मिक शिक्षण. त्यांनी उदाहरणच इस्लामचं दिलं. आणि धर्माचा अभ्यास ही वेगळी गोष्ट आहे, असं सांगितलं.

पुढं कोठारी आयोगानंही १९६६ च्या अहवालात धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण यात फरक केला. सर्वोच्च न्यायालयानं १९७१ साली गुरू नानकांच्या जीवनाच्या अभ्यासाबद्दल आणि २००२ साली अरुणा रॉय खटल्यात हाच फरक मान्य केला. म्हणजे नमाज शिकवणं हे सरकारी शाळेचं काम नाही, ते घराचं आणि मकतबचं. पण शेजारचा नमाज पढतो म्हणजे काय करतो, हे शाळेत सांगायला संविधान आड येत नाही.

मग आपण करतो काय? गप्प बसतो आणि त्याला धर्मनिरपेक्षता म्हणतो.

आम्ही पुण्यात परतलो. मुलगी पाचवीत गेली. बकरी ईदच्या आधी वर्गातल्या एका मुलानं तिला सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही लोक घरात कापाकापी करता ना?" बाकीचे हसले. तिनं बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "धर्माचं शाळेत बोलायचं नाही." बाई वाईट नव्हत्या. त्यांना मुलीला वाचवायचं होतं. पण झालं असं की प्रश्न तसाच राहिला, हसणं तसंच राहिलं, आणि मुलीला वाटलं की आपल्या घरात न बोलण्यासारखं काहीतरी आहे. त्याच शाळेत दसऱ्याला पाटीपूजन होतं. तिला ते आवडतं, रांगोळी काढते. त्याला मात्र धर्म म्हणत नाहीत, संस्कृती म्हणतात. माझी तक्रार पाटीपूजनाबद्दल नाही. एकाचा धर्म हवेसारखा सगळीकडं असतो आणि दुसऱ्याचा धर्म उच्चारायचा नसतो, याबद्दल आहे.

आणि त्या मुलाला दोष देऊ नका. दहा वर्षांच्या पोराला हे कुणी शिकवलं? शाळेनं नाही. शाळा तर गप्पच होती. शाळेनं सोडलेली जागा मोबाइलनं भरली.

आता दोन अडचणी प्रामाणिकपणे बोलू.

पहिली. उद्या सरकारनं शाळेत धर्मांविषयीचा विषय आणला तर तो एकाच धर्माचा होणार नाही कशावरून? ही भीती खरी आहे. म्हणून मी नवा विषय मागत नाही, नवं पुस्तक तर मुळीच नाही. टेबल आधी, पुस्तक नंतर. जिथं चार समाजांची माणसं आणि शिक्षक एकत्र बसून मजकूर ठरवत नाहीत, तिथं असा विषय नसलेलाच बरा.

दुसरी अडचण आपल्या घरातली. आपण मकतबमध्ये मुलांना शेजाऱ्याच्या धर्माबद्दल काय सांगतो? एक तर काहीच नाही, नाही तर एका शब्दात निकाल. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये सांगितलंय की तुमच्या जमाती आणि कबिले केले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. ओळख करून घ्यायची तर ऐकावं लागतं.

आणि 'काही' हा शब्द सर्वांत आधी आपल्यालाच लागू करायला हवा. माझे अब्बा दर्ग्यावर फातिहा पढतात. माझा मेहुणा दर्ग्यात पाय ठेवत नाही. बायकोच्या मामेबहिणीचं लग्न बोहरी घरात झालंय. माझा एक मित्र ईदची नमाजसुद्धा चुकवतो आणि मोहल्ल्यात कुणाचं ऑपरेशन असलं की रक्त द्यायला पहिला उभा असतो. यातला कोण मुसलमान? बाहेरच्यांनी आपल्याला एका रंगात रंगवलं की आपल्याला राग येतो. मग आपण स्वतः "इस्लाममध्ये असंच असतं" असं ठोकून बोलतो तेव्हा तोच रंग आपणच लावत असतो. त्या पोराचा बाप रोजे ठेवत नव्हता. त्या पोराला आपल्या मकतबमध्ये ताठ मानेनं बसता येईल का, याचा विचार करा.

इथं बसलेले तुम्ही बहुतेक वीस-पंचवीस वर्षांचे आहात. कुणी डीएड-बीएड करतंय, कुणाची लहान भावंडं शाळेत आहेत, कुणी लवकरच आई-बाप होईल. तुमच्याकडून मला तीनच कामं हवी आहेत.

एक, आपल्या गावातला, वॉर्डातला असा एखादा शिक्षक शोधा, जो अब्बांसारखं काही करतो. कुठल्याही धर्माचा असेल. त्याला भेटा, आणि तक्रार येईल तेव्हा त्याच्या बाजूनं चार समाजांचे पालक उभे करा. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना जागा असते. तिथं आपले लोक फक्त गणवेशाच्या आणि पोषण आहाराच्या वेळी जातात. याच्यासाठीही जा. आपलं टेबल तिथंच सुरू होऊ शकतं.

दोन, काही शहरांत मशीद परिचयाचे कार्यक्रम होतात, लोकांना मशीद बघायला बोलावतात. चांगलं आहे. पण पुढच्या वेळी आपल्या पोरांना घेऊन विहारात, देवळात, चर्चमध्येही जा. पाहुणे म्हणून. फक्त आपणच समजावून सांगायचं आणि दुसऱ्यानं फक्त ऐकायचं, याला ओळख म्हणत नाहीत.

तीन, हे सर्वांत सोपं आणि सर्वांत अवघड. पुढच्या ईदला कुणी मित्र शिरखुर्मा खाता खाता काही विचारेल, तेव्हा "इस्लाममध्ये" असं सुरू करू नका. "आमच्या घरी" असं सुरू करा. आणि मग त्याला विचारा, "तुमच्या घरी?"

माझ्या मुलीनं हे केलं. त्या बकरी ईदनंतर ती आठवडाभर गप्प होती. मग एक दिवस डब्यात जास्तीची बिर्याणी मागून घेतली. मी विचारलं, कुणासाठी? म्हणाली, त्याच मुलासाठी. मी म्हटलं, अगं, तो तुला हसला होता. ती म्हणाली, "त्याला माहीत नव्हतं, अब्बू. त्याला कुणी सांगितलंच नाही."

त्या मुलानं बिर्याणी खाल्ली नाही. त्यांच्या घरी चालत नाही म्हणाला. पण का चालत नाही, हे त्यानं तिला सांगितलं आणि तिनं ऐकून घेतलं. आता ते दोघं एकाच बाकावर बसतात.

अब्बा आता निवृत्त आहेत. या सुट्टीत गावाला गेलो तेव्हा मुलगी म्हणाली, "दादा, तुमची ती फेरी मला दाखवा." दोघं सकाळी निघाले, देऊळ, विहार, मशीद, दर्गा. दुपारी परत आले तेव्हा अब्बा दमले होते, पण बऱ्याच दिवसांनी खूश दिसले.

आता प्रश्न विचारा. अवघड विचारलेत तरी चालेल. सवय झालीय.